एक्सप्लेनर : कोल्हापुरी चप्पल इतकी टिकते कशी? चामड्यातल्या 'तीन पदरी' पिळाचे विज्ञान

जून २०२५ मध्ये 'प्राडा'ने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि डिझाइनच्या श्रेयावरून वाद पेटला. डिझाइनची नक्कल करता येते. पण ही चप्पल वर्षानुवर्षे टिकते ती चामडे कमावण्याच्या पद्धतीमुळे. त्यामागचे विज्ञान समजून घेऊ.

कातड्यात नेमके काय असते?

कातड्याला बळ देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजेन. आपली त्वचा, हाडे आणि स्नायुबंधांतही तेच असते. केसांतील केराटिनमध्ये एकेक साखळी स्प्रिंगसारखी वळते, त्याला 'आल्फा हेलिक्स' म्हणतात. कोलॅजेनची रचना दोरासारखी असते. प्रत्येक साखळी डावीकडे वळते आणि अशा तीन साखळ्या मिळून उजवीकडे पीळ घेतात. उलटसुलट पिळामुळे दोर सहज उसवत नाही. या दोराची लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर, तर जाडी जेमतेम दीड नॅनोमीटर असते.

ही रचना कुणी शोधली?

मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये तीन पदरांची रचना मांडली. साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते. पिळाच्या मध्यभागी तेवढेच मावते. विशेष म्हणजे, त्यांना कोलॅजेनचा नमुना मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळाला होता.

कमावताना काय घडते?

• चुना : चुन्याच्या पाण्यात केसांची मुळे सैल होतात, कोलॅजेनचा दोर मात्र टिकतो.
• बाभळीची साल आणि हिरडा : यांतील टॅनिन दोरांच्या मधल्या जागेत शिरून त्यांना एकमेकांशी बांधते.
• परिणाम : कातडे कुजत नाही आणि उष्णताही जास्त सोसते.

हे काम घाईने होत नाही. टॅनिन आतपर्यंत मुरावे लागते. रेक्झिनमध्ये कोलॅजेनच नसते, त्यामुळे तिथे हे बांधकाम होऊच शकत नाही.

मग पांढऱ्या रश्श्याचा काय संबंध?

न कमावलेले ओले कोलॅजेन साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आकसते, पीळ सुटतो. मटणाची अळणी तासभर उकळली की हेच होते आणि कोलॅजेनचे जिलेटिन बनते. रश्श्याला अंगचा दाटपणा येतो तो यामुळेच. अळणी फ्रिजमध्ये ठेवल्यावर थरथरते, कारण थंडीत काही साखळ्या पुन्हा पीळ घेतात. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे मात्र सुंभ राहतो, पीळ जातो!

पावसात चप्पल भिजली तर?

सावलीत, वाऱ्यावर सुकवा. चुलीजवळ किंवा हेअर ड्रायरखाली धरू नका. ओल्या चामड्याला जास्त उष्णता लागली की ते आकसते, कडक होते आणि पूर्ववत होत नाही.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे आहेत. तेव्हा पुढच्या वेळी भाव करण्याआधी कारागिराला एक प्रश्न जरूर विचारा : चामडे कशात कमावले आहे?