तेरा बिंदूंचा हिशेब
लेखमाला : नोकरीतला न्याय्य वाटा (लेखांक ४)

भरतीची जाहिरात कशी वाचायची, ते मागच्या लेखात पाहिले. जाहिरातीतला प्रवर्गनिहाय पदांचा तक्ता बरोबर आहे की नाही, हे कोण तपासते?

उत्तर नागपुरातच, विभागीय आयुक्त कार्यालयात मिळते. तिथल्या मागासवर्ग कक्षाकडे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या ६ जिल्ह्यांतल्या कार्यालयांच्या बिंदुनामावल्या, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे हे दाखवणाऱ्या नोंदवह्या, तपासणीसाठी येतात. सरळसेवेची जाहिरात काढण्याआधी ही तपासणी करून घ्यावी लागते.

राज्याचा आरक्षण कायदा २००१ चा. तो २९ जानेवारी २००४ पासून लागू झाला. अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती व भटक्या जमाती मिळून ११, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागासवर्ग १९, असे ५२ टक्के त्यात ठरले. पुढे आर्थिक दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग यांचे प्रत्येकी १० टक्के आले. गडचिरोली, चंद्रपूरसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत गट क आणि ड च्या पदांसाठी प्रमाण वेगळे आहे.

हे टक्के नोंदवहीत बिंदू होऊन उतरतात. १०० पदांच्या संवर्गात १३ बिंदू अनुसूचित जातींचे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सभरवाल खटल्यात स्पष्ट केले की बिंदू पदाला लागतो, रिक्त जागेला नाही. म्हणून त्या बिंदूवरचा कर्मचारी निवृत्त झाला, की जागा त्याच प्रवर्गाकडे जाते.

तपासणीत मंजूर पदे, नेमणुकीचे आदेश, जातीचे दाखले, वैधता प्रमाणपत्रे आणि सेवापुस्तके नोंदवहीशी ताडून पाहिली जातात. शेवटी गोषवारा निघतो : मंजूर किती, भरलेली किती, अनुशेष किती.

चूक कुठे लपते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. संवर्गात अनुसूचित जातीचे १३ कर्मचारी आहेत. त्यांतले दोघे कोणतीही सवलत न घेता, गुणवत्तेवर खुल्या जागेतून निवडले गेले. त्यांची नोंद खुल्या बिंदूवरच हवी. ती राखीव बिंदूवर केली, की १३ पैकी १३ भरलेले दिसतात आणि अनुशेष शून्य. प्रत्यक्षात २ जागा रिकाम्या असतात. त्या जाहिरातीत येत नाहीत, आणि अभ्यासिकेत रात्री जागणाऱ्या दोन मुलामुलींना आपले काय गेले, याचा पत्ताही लागत नाही. म्हणून नुसती डोकी मोजून भागत नाही. प्रत्येक नाव कोणत्या वाटेने आले, ते पाहावेच लागते.

आरक्षण कायद्याचा हेतू जाणूनबुजून हाणून पाडणाऱ्या अधिकाऱ्याला ९० दिवसांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

खासगी नोकऱ्यांचे काय? कॅनडात १९९५ च्या कायद्याने केंद्राच्या अखत्यारीतल्या खासगी बँका आणि विमान कंपन्याही रोजगार-समतेच्या तपासणीखाली येतात. आपल्याकडे बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या खासगी कारखान्याला बिंदुनामावली नाही. जिथे ती आहे, तिथे तरी ती चोख असलीच पाहिजे. २००५ च्या माहिती अधिकारात गोषवाऱ्याची प्रत मागता येते. उमेदवारांनी ती मागावी, मंजूर आणि भरलेले आकडे स्वतः जुळवून पाहावेत.

पुढच्या आठवड्यात : महिला, दिव्यांग आणि अनाथांचे समांतर आरक्षण.