वही आपली, किल्लीही आपलीच

दिवाळीच्या अमावास्येस भगवान महावीरांचा निर्वाणोत्सव होतो आणि दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष उजाडते. कोल्हापूरच्या गुजरीत, लक्ष्मीपुरीत आणि शाहूपुरीत या दिवसांत वहीपूजनाची लगबग असते. लाल कापडी बांधणीची कोरी वही पाटावर ठेवली जाते, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. अलीकडे त्याच पाटावर वहीशेजारी लॅपटॉपही दिसू लागला आहे, कारण वर्षभराचा खरा हिशेब आता त्याच्या पोटात असतो. पूजा वहीची होते आणि काम संगणक करतो, यात वावगे काही नाही. मात्र एक प्रश्न प्रत्येक पेढीने स्वतःला विचारण्यासारखा आहे. लाल वही निःसंशय आपली होती. संगणकातील वही तितकीच आपली आहे काय?

या प्रश्नामागे एक जुना अनुभव आहे. अनेक घरांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या वह्या आजही बासनात बांधलेल्या आढळतात. कुणाच्या मोडीत, कुणाच्या महाजनी वा गुजराती वळणात. कागद शाबूत, शाई शाबूत. पण वाचणारा उरला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत घरचाच हिशेब घरच्यांना परका झाला. संगणकावरील हिशेबाचे तसेच होऊ शकते, तेही दोन पिढ्यांत नव्हे, तर पाच-दहा वर्षांत. प्रणालीचा परवाना संपतो, ती बनवणारी कंपनी बंद पडते किंवा जुनी आवृत्ती नव्या संगणकावर चालत नाही. फाईल डोळ्यांसमोर असते, पण उघडत नाही. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. एवढा काळ ती नुसती असून भागत नाही. वाचताही आली पाहिजेत.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा विचार येथे उपयोगी पडतो. कोणतीही संगणक प्रणाली म्हणजे आज्ञांची एक मोठी संहिता असते. बहुतेक कंपन्या ती स्वतःपाशी गुप्त ठेवतात आणि ग्राहकास केवळ वापराचा परवाना देतात. मुक्तस्रोत प्रणालीत ही संहिता सर्वांसाठी खुली असते. ती कोणीही वापरावी, तपासावी, आपल्या गरजेप्रमाणे बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेथून या विचारास संघटित रूप आले. अशी प्रणाली बनवणारा उद्या थांबला, तरी संहिता उपलब्ध असल्याने दुसरा जाणकार ती पुढे चालवू शकतो. म्हणजेच कुलपासोबत किल्लीही मालकाच्या हाती येते.

कोल्हापूरच्या जैन समाजास ही कल्पना अनोळखी वाटू नये. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ साली येथे जैन बोर्डिंग उभे राहिले. ज्यांनी त्यासाठी हात सैल केला, त्यांना तेथे कोण शिकणार हे ठाऊक नव्हते. पुढे तेथे राहिलेल्या विद्यार्थ्यांत कर्मवीर भाऊराव पाटीलही होते. एकाने उभारावे, अनोळखी दुसऱ्याने त्याचा लाभ घ्यावा आणि जमेल तेव्हा त्यात भर घालावी, हीच रीत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या मुळाशी आहे.

या क्षेत्रातील एक ठळक उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. मुंबईचे ऋषभ मेहता यांच्या कुटुंबाचा फर्निचरचा व्यवसाय होता. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब यांची एकत्र सांगड घालणारी प्रणाली त्यांना हवी होती. तयार प्रणालींचा अनुभव समाधानकारक न आल्याने त्यांनी ती स्वतःच बनवण्यास घेतली. २००८ साली त्यासाठी कंपनी स्थापन झाली. तीच आज फ्रॅपे या नावाने ओळखली जाते आणि तिची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही प्रणाली देशोदेशी वापरली जाते. कंपनीने संहिता खुली ठेवली आणि उत्पन्न मिळवले ते प्रणाली सांभाळण्याच्या सेवेतून. घरच्या धंद्याची अडचण सोडवताना निघालेला उपाय सर्वांसाठी मोकळा ठेवूनही व्यवसाय चालतो, हे व्यापारी कुटुंबांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

कोल्हापूरच्या परिसरात अशा प्रणालीचा उपयोग कोठे होईल? हुपरीतील चांदीचा व्यवसाय पाहावा. कारागिराकडे चांदी वजनाने जाते आणि दागिने होऊन परत येते. मध्ये टंच, घट आणि मजुरी यांचा हिशेब असतो. येथे धातूचे खाते वेगळे आणि रकमेचे वेगळे ठेवावे लागते. गुळाच्या अडत पेढीवर शेतकऱ्याची उचल, हमाली, तोलाई आणि पट्टी यांचा मेळ घालावा लागतो. ठराविक साच्यातील प्रणालीत असे स्थानिक व्यवहार ओढूनताणून बसवावे लागतात. संहिता खुली असेल, तर जाणकाराकडून साचाच आपल्या व्यवहारास जुळवून घेता येतो.

पेढीइतकाच महत्त्वाचा हिशेब घराचा. त्यासाठी ‘ग्नूकॅश’ ही विनामूल्य प्रणाली उपयुक्त आहे. तिची १.० ही आवृत्ती १९९८ साली आली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ती चालते, आणि आपली फाईल आपल्याच संगणकावर राहते. तिचा पाया द्विनोंदी पद्धतीचा आहे. इटलीतील लुका पाचोली यांनी १४९४ साली छापील ग्रंथात मांडलेली ही पद्धत जमा-नावे जाणणाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. बँकेतून २०,००० रुपये देऊन मुलीचे शिक्षणशुल्क भरले, तर बँकेच्या खाती तेवढी रक्कम जमेस पडते आणि शिक्षणाच्या खाती तेवढीच नावे. कोणतीही रक्कम वाऱ्यावर राहत नाही. दरमहाचे कर्जाचे हप्ते, मुदत ठेवी, म्युच्युअल फंड, शेअर हे सारे त्यात मांडता येते. सोन्याचे खाते ग्रॅममध्ये ठेवण्याचीही सोय करून घेता येते.

घरच्या हिशेबाची निकड कोणती, हे एकत्र कुटुंबांना अधिक कळावे. पेढीचा आणि घराचा गल्ला एकच असतो, तोवर सारे सुरळीत भासते. कोणाच्या नावे काय घेतले, कोणाच्या लग्नात किती खर्च झाला, कोणाच्या पत्नीचे स्त्रीधन पेढीत गुंतले, हे सारे एका कर्त्या पुरुषाच्या स्मरणात असते. तो अचानक गेला, की पत्नीस बँकेची नावेही ठाऊक नसतात आणि भावाभावांत अविश्वासाची पहिली ठिणगी पडते. बहुतेक वेळा कोणाची नियत वाईट नसते. नोंद नसते, एवढेच. कुटुंबातील दोघांना तरी उघडता येईल असा हिशेब असणे ही वडिलधाऱ्यांनी मागे ठेवावी अशी संपत्तीच आहे.

श्रावकाच्या दृष्टीने यास आणखी एक बाजू आहे. परिग्रह-परिमाण व्रत घेणाऱ्याने आपल्या संग्रहाची मर्यादा ठरवायची असते. पण आहे किती, हेच ठाऊक नसेल तर मर्यादा कशाची घालणार? घर, जमीन, सोने, ठेवी आणि देणी यांचा ताळेबंद वर्षातून एकदा समोर ठेवला, तर व्रताला आकडा मिळतो. कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, हा सत्याणुव्रताचा अतिचार मानला गेला आहे. आजचा कायदाही त्याच दिशेने आला आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशीच हिशेब प्रणाली वापरणे बंधनकारक आहे, जिच्यात नोंदीतील प्रत्येक बदलाची खूण राहते आणि ती खूण बंद करता येत नाही.

तथापि विनामूल्य म्हणजे विनासायास नव्हे. ग्नूकॅश घरासाठी उत्तम असले, तरी वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे ते तयार करून देत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर असलेल्या व्यावसायिकांना ई-इनव्हॉइस काढावे लागते. अशा पेढीने भारतीय करनियमांची जोड असलेली प्रणालीच निवडावी. ईआरपीनेक्स्टसाठी अशी जोड उपलब्ध आहे, पण ते बसवण्यास आणि सांभाळण्यास जाणकार मनुष्य लागतो, आणि त्याचे मानधन द्यावे लागते. पेढी कंपनी असेल, तर बदलांची खूण ठेवण्याची अट पूर्ण होते की नाही, हे सनदी लेखापालाकडून आधी तपासून घ्यावे. जेथे आजची प्रणाली नीट चालते आणि मुनीमजींचा हात तिच्यावर बसला आहे, तेथे केवळ नावीन्यासाठी बदल करण्याचे कारण नाही. मात्र आपला सर्व हिशेब दुसऱ्या प्रणालीत वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता येतो का, हे तेथेही एकदा करून पाहावे.

आरंभ लहान असावा. प्रथम घराचा हिशेब घ्यावा आणि तो महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलीकडे सोपवावा. पाच-सात खात्यांपलीकडे जाऊ नये. पेढीसाठी बदल करायचा, तर १ एप्रिलचा मुहूर्त साधावा, आरंभीच्या शिलका जुन्या ताळेबंदाशी ताडून घ्याव्यात आणि एक तिमाही दोन्ही हिशेब समांतर चालवावेत. दोहोंची तेरीज जुळली, मगच जुने थांबवावे. दर आठवड्यास फाईलची प्रत दोन ठिकाणी काढावी, त्यांपैकी एक पेढीबाहेर. पुराचे पाणी पाहिलेल्या कोल्हापुरास याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. परवलीचा शब्द बंद पाकिटात घालून घरातील विश्वासू व्यक्तीपाशी ठेवावा.

येत्या वहीपूजनास लाल वही तशीच असू दे. तिच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहून झाल्यावर खाली वर्षअखेरचा ताळेबंद उतरवावा आणि संगणकातील हिशेब कोठे आहे व तो कसा उघडायचा, हेही दोन ओळींत लिहावे. पुढे कधी नातवाने ती वही उघडली, तर त्याला ती वाचता आली पाहिजे.