गोळीची कल्हई

गल्लीत कल्हईवाल्याने भाता लावला की पोरांचा घोळका जमायचा. पातेलं तापलं, नवसागराचा पांढरा धूर उठला की तो कथलाचा तुकडा टेकवी. कथील पाण्यासारखं पसरे आणि कापसाचा बोळा फिरला की पितळेचा तळ चांदीसारखा लखलखे. धातू आणि पोट यांच्या मध्ये पातळ पडदा हवा, हे स्वयंपाकघराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. बंदुकीच्या गोळीला ही अक्कल सुचायला फार उशीर झाला.

धाराशिव जिल्ह्यात तोफांची आठवण काढायला लांब जावं लागत नाही. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान 1632 पर्यंत परंड्याच्या किल्ल्यात होती. मग ती विजापूरला गेली. पण तोफांचे गोळे दगडाचे किंवा लोखंडाचे. शिसं लागे ते हातातल्या बंदुकीला. ते जड, मऊ आणि सव्वातीनशे अंशांच्या आसपास वितळणारं, म्हणजे चुलीवरच्या कढईतही पातळ होणारं. साच्यात ओतायचं, गार झालं की गोळी तयार. तिच्यावर लेप कसला? फार तर एक चिंधी, तीही नळीत घट्ट बसावी म्हणून.

पुढे गोळीच्या अंगावर कपडे चढले, पण ते चढले बंदुकीसाठी. एन्फील्ड रायफलीच्या काडतुसाला कागद आणि चरबी होती, ती गोळी नळीत सहज सरकावी म्हणून. त्या चरबीवरून 1857 मध्ये काय झालं, ते शाळेतलं पोरही सांगेल. नंतर दारू जोरकस झाली, गोळीचा वेग वाढला आणि मऊ शिसं नळीच्या आट्यांत चिकटून बसू लागलं. 1882 मध्ये स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने शिशावर तांब्याचं कवच चढवलं. वाचली ती नळी. 13 सप्टेंबर 1948 ला निजामाविरुद्धच्या कारवाईत भारतीय फौज सोलापूरकडून येऊन नळदुर्गात शिरली, तेव्हा तिच्या रायफलीतून कवचाच्याच गोळ्या सुटत होत्या. गोळी हाताळणाऱ्याच्या अंगात काय जातं, हा प्रश्न तोवर मागेच राहिला होता.

शिसं घात करतं ते गुपचूप: रक्तात, हाडांत, लहान मुलांच्या मेंदूत. पेट्रोलमधून ते काढायला आपल्या देशात 2000 साल उजाडलं. नेमबाजीत ते मुख्यतः दोन वाटांनी हवेत येतं. कवच असलं तरी गोळीचं उघडं राहिलेलं बूड पेटत्या दारूच्या तापाने झिजतं आणि त्याची बारीक धूळ हवेत उडते. शिवाय काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्यातही बहुधा शिसंच असतं. परदेशात काही हौशी लोक स्वतः ओतलेल्या गोळ्यांना रंगाच्या भुकटीत घोळवून भट्टीत भाजतात. गोळी बुडासकट झाकली जाते. हीच गोळीची कल्हई. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे हा घरचा उद्योग नाहीच.

पण नेमबाजीच्या दालनात प्रश्न उरतोच. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफलीत कांस्यपदक आणलं आणि खेड्यापाड्यांतल्या पोरांना या खेळाची ओढ लागली. त्यांच्या हाती पहिल्यांदा येतो तो एअर रायफलचा छर्रा, बहुधा उघड्या शिशाचा. तिथे लेप नाही; साबण आणि पाणी आहे. सराव संपला की हात धुवायचे, मगच डबा उघडायचा. दालन कोरड्या झाडूने झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. सरावाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत.

कारण पडद्यावर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. गोळी पूर्ण झाकली तरी टोपीतलं शिसं उडतंच. आणि कल्हईचं तरी काय? स्वस्तात काम उरकायला कथलात शिसं मिसळणारेही असतात. म्हणून पातेलं लखलखलं तरी जाणती बाई आधी विचारायची: कथील चोख आहे ना?