शिष्यवृत्तीचे तुकडे आणि राज्याची रेघ

उज्जैनच्या माधव नगरात, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या फ्रीगंजमध्ये, बारावीचा निकाल लागला की मराठी घरांमध्ये ठरलेली चर्चा सुरू होते. इथेच विक्रम विद्यापीठात, की पंचावन्न किलोमीटरवरच्या इंदूरला, की पुण्याला? पुण्याचं नाव निघतंच, कारण तिथे मावशी असते, आत्या असते, निदान आईची मैत्रीण तरी असते. पण मुलगी मैदानावर चमकणारी असेल तर चर्चेत आणखी एक प्रश्न शिरतो: परराज्यात शिकायला गेली तर ती खेळणार कोणाकडून?

हाच प्रश्न अमेरिकेतल्या हजारो घरांमध्ये दरवर्षी विचारला जातो. तिथे तो विचारणाऱ्या मुली सॉफ्टबॉल खेळतात, आणि त्यांचं उत्तर ज्या हिशेबातून निघतं तो हिशेब पहिल्यांदा समजला तेव्हा मी थक्क झाले. एका अदृश्य सरहद्दीची किंमत डॉलरमध्ये, तीही अपूर्णांकात मोजली जाते.

आधी खेळाविषयी थोडं. सॉफ्टबॉल १८८७ मध्ये शिकागोत जन्मला, तोही एका बंदिस्त हॉलमध्ये. भारतात १९६१ मध्ये त्याचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि आज मध्य प्रदेश-महाराष्ट्राच्या शाळांमध्ये हा खेळ चांगलाच रुजला आहे. नाव सॉफ्ट असलं तरी चेंडू मऊ नसतो. परीघ बारा इंच, फेक खांद्याखालून, आणि अमेरिकी महाविद्यालयीन सामन्यांत फेकणारीपासून फलंदाजापर्यंतचं अंतर ४३ फूट, म्हणजे साधारण तेरा मीटर. उत्तम गोलंदाज मुलगी ताशी ११० किलोमीटरच्या वेगाने चेंडू सोडते. तो बॅटपाशी अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. चेंडू कुठे वळणार, मारायचा की सोडायचा, हे सगळं त्या अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं.

या खेळात शिष्यवृत्तीचा पैसा आला कुठून? उत्तर आहे १९७२ चा ‘टायटल नाइन’ कायदा. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांमध्ये स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. पण बड्या विद्यापीठांत मुलांचा अमेरिकी फुटबॉलचा संघ एकटाच ८५ शिष्यवृत्त्या घेत असे. तोल सांभाळायचा तर मुलींच्या खेळांना जागा द्यावी लागली, आणि सॉफ्टबॉलचं भाग्य उजळलं. १९८२ पासून अमेरिकेची राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, म्हणजेच एनसीएए, मुलींची सॉफ्टबॉल अजिंक्यपद स्पर्धा भरवते. १९९० पासून, एक वर्ष सोडलं तर, तिची अंतिम फेरी ओक्लाहोमा सिटीतच होते.

आता राज्याच्या रेघेकडे येऊ. अमेरिकेत सरकारी विद्यापीठ राज्य सरकारचं असतं. ते त्या राज्याच्या करदात्यांच्या पैशावर उभं असतं, म्हणून त्यांच्या मुलांना फी कमी आणि बाहेरच्यांना जास्त. हा फरक किरकोळ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ बाहेरच्या राज्यातून आलेल्या विद्यार्थ्याकडून मूळ फीवर वर्षाला आणखी ३४ हजार डॉलरहून अधिक घेतं. वर्ग तोच, प्राध्यापक तेच, ग्रंथालय तेच. घर नदीच्या कोणत्या काठावर आहे यावरून बिल बदलतं. राज्यातला रहिवासी ठरायला सहसा बारा महिने तिथे राहावं लागतं, आणि तेही केवळ शिकण्यासाठी नव्हे हे पटवून द्यावं लागतं. स्टॅनफर्डसारख्या खासगी विद्यापीठात मात्र ही रेघच नाही. तिथे फी सगळ्यांना सारखीच, म्हणजे सारखीच अवाढव्य.

खरी गंमत यापुढे आहे. २०२४-२५ पर्यंतचा नियम असा होता की एनसीएएच्या पहिल्या श्रेणीतल्या सॉफ्टबॉल संघाला फार तर बारा पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. संघात मुली मात्र वीस-बावीस. मग प्रशिक्षक शिष्यवृत्तीचे तुकडे करत: एकीला पाऊण, दुसरीला अर्धी, तिसरीला पाव, चौथीला नुसती संघातली जागा. सगळ्या तुकड्यांची बेरीज बाराच्या वर जाता कामा नये. तुकडा कोणाला किती द्यायचा, यात प्रशिक्षकाचं निम्मं कसब लागे.

सोप्या आकड्यांत बघा. धरून चाला की आपल्या राज्यात शिक्षण आणि राहण्याजेवणाचा वर्षाचा खर्च ३० हजार डॉलर आणि परराज्यात ६० हजार. परराज्यातला प्रशिक्षक म्हणतो, ‘अर्धी शिष्यवृत्ती देतो.’ घरात आनंदीआनंद. पण अर्धी माफ झाल्यावर उरले ३० हजार, म्हणजे एक छदामही शिष्यवृत्ती न घेता घरच्या राज्यात जेवढे लागले असते तेवढेच! घरच्या राज्यातल्या प्रशिक्षकाने नुसती पाव दिली असती तर साडेबावीस हजारांत काम झालं असतं. घरची पाव बाहेरच्या अर्ध्याहून मोठी ठरते, हे कळेपर्यंत कित्येक आईबाप हरखून होकार देऊन बसतात.

प्रशिक्षकाच्या बाजूचं गणित तितकंच विलक्षण. त्याच्या बाराच्या हिशेबात अर्धी म्हणजे अर्धीच, मुलगी कुठलीही असो. पण विद्यापीठाच्या तिजोरीतून घरच्या मुलीसाठी पंधरा हजार जातात आणि बाहेरचीसाठी तीस हजार. ज्याची तिजोरी भरलेली आहे तो देशभर फिरतो, ज्याची आटलेली आहे तो आपल्याच राज्यातल्या मैदानांवर नजर ठेवतो. २०२० पासून आणखी एक दार उघडलं: अभ्यासातल्या गुणांवर मिळालेली मदत त्या बारामध्ये मोजायची नाही असं ठरलं. त्यामुळे ज्या मुलीचे गुण उत्तम तिला प्रशिक्षक स्वतःचा छोटा तुकडा देतो आणि उरलेला भार गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीवर टाकतो. खेळाडू म्हणून निवड व्हायला गणिताचे मार्क उपयोगी पडावेत, यापेक्षा चांगली बातमी आपल्याकडच्या आयांना कोणती देता येईल?

पश्चिमेकडच्या राज्यांनी आपसात एक करारही केला आहे. त्यात सामील असलेल्या विद्यापीठांत शेजारच्या राज्यातल्या पात्र विद्यार्थ्याकडून स्थानिक फीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेत नाहीत. म्हणजे घर आणि परराज्य यांच्यामध्ये ‘शेजार’ नावाची तिसरी पायरी आहे.

पैशाखेरीज हवामानही निर्णय घेतं. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, तेव्हा उत्तरेतली मैदानं बर्फाखाली असतात. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडातल्या मुली मात्र बारा महिने खेळतात. म्हणून उत्तरेचे प्रशिक्षक खेळाडू शोधायला दक्षिणेत उतरतात. हवाई राज्यातल्या हाउउला गावची जोसलिन ॲलो समुद्र ओलांडून ओक्लाहोमाला आली आणि तिने महाविद्यालयीन कारकिर्दीत १२२ होमरन मारले. तोवरचा विक्रम ९५ चा होता, आणि तो करणारी लॉरेन चेंबरलेनही त्याच ओक्लाहोमाची, मूळची कॅलिफोर्नियातली. बाहेरून येणाऱ्या मुलींनी ओक्लाहोमाचं नाव केवढं मोठं केलं पाहा.

एकेकाळी या निवडीची घाई इतकी वाढली होती की सातवी-आठवीतल्या मुली विद्यापीठांना तोंडी होकार देत. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला आपण वीस वर्षांच्या झाल्यावर कुठे राहायला आवडेल हे कसं कळावं? २०१८ मध्ये हे थांबवलं गेलं. आता अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरपूर्वी सॉफ्टबॉलचा प्रशिक्षक मुलीशी भरतीविषयी बोलूच शकत नाही. या सगळ्या व्यवस्थेतला मला सर्वांत शहाणा वाटलेला नियम हाच.

आणि गेल्या काही वर्षांत तर पायाखालची जमीनच सरकली. विद्यापीठ बदलणं सोपं झालं, खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येऊ लागली. कॅन्ससच्या टोपेका गावची नायजारी कॅनडी आधी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डकडून खेळली, मग २०२४ मध्ये दहा लाख डॉलरहून मोठ्या करारावर टेक्सास टेकला गेली. २०२५ च्या अंतिम फेरीत तिच्या संघाची गाठ पडली टेक्सास विद्यापीठाशी, आणि टेक्सासने आपलं पहिलं विजेतेपद पटकावलं. त्याच जूनमध्ये एका न्यायालयीन तडजोडीला मंजुरी मिळाली. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी बाराची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू अशी मर्यादा आली. वाटलं तर पंचवीसही जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. तुकड्यांचा हिशेब संपला नाही, पण श्रीमंत विद्यापीठांना आता तो करण्याची गरज उरली नाही.

आता पुन्हा माधव नगरात येऊ, कारण इथे रेघ जाते ती भलत्याच ठिकाणाहून.

साध्या पदवीसाठी सरकारी महाविद्यालयात आपल्याकडे परराज्यातली म्हणून फी दुप्पट-तिप्पट होत नाही. वैद्यकीय प्रवेशातला राज्याचा ८५ टक्के कोटा सगळ्यांना ठाऊक आहे, पण बी.ए., बी.कॉम.ला असलं काही आड येत नाही. मग खेळाडू मुलीने बिनधास्त बाहेर जावं? विद्यापीठाच्या संघापुरतं, होय. त्या विद्यापीठाची विद्यार्थिनी असली की ती आंतरविद्यापीठ स्पर्धेत त्याच्याकडून खेळू शकते, मग घर कुठेही असो. पंजाबातली विद्यापीठं याच जोरावर मोठी झाली. आंतरविद्यापीठ कामगिरीसाठी दिली जाणारी मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी अमृतसरच्या गुरुनानक देव विद्यापीठाने वीसहून अधिक वेळा जिंकली, आणि २०१९ पासून सलग तीन वर्षं चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाने.

पण आपल्याकडे शिड्या दोन आहेत. एक विद्यापीठाची, दुसरी राज्य संघटनेची. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत संघ राज्याचे असतात, आणि राज्य बदलायचं तर जुन्या संघटनेचं ना-हरकत पत्र लागतं. अमेरिकेत राज्याची रेघ फीच्या पावतीवर असते, आपल्याकडे ती जर्सीवर आणि दाखल्यांवर असते. मध्य प्रदेशाचा विक्रम पुरस्कार मिळवणाऱ्या खेळाडूला राज्याची सरकारी नोकरी मिळते. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास हवा, आणि अधिवासाच्या दाखल्याला सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. पुण्याला किंवा अमरावतीला तीन वर्षं शिकून ते होत नाही. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोललं जातं, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

तरीही अमरावतीचं आकर्षण मी समजू शकते. १९१४ मध्ये स्थापन झालेलं तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांचं प्रात्यक्षिक घेऊन जर्मनीत गेलं होतं. पण घराजवळही काही कमी नाही. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून आहे. आणि खेळ मल्लखांब असेल तर उज्जैन सोडून जायचंच कशाला? मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ केलं, उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, आणि २०२३ च्या सुरुवातीला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेतला मल्लखांब याच गावात रंगला. पेशव्यांच्या पदरच्या बाळंभट देवधरांनी घडवलेला खेळ माळव्यात असा घर करून बसला आहे.

बाहेरून खेळाडू आणायची विद्या तर या मुलुखाला अमेरिकेकडून शिकायची गरजच नव्हती. शेजारच्या इंदूरच्या होळकर संघाचंच बघा. नागपूरचे सी. के. नायडू होळकरांच्या फौजेत हुद्दा घेऊन आले आणि इंदूरचे झाले. सागरचे चंदू सरवटे आले, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आले. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात तर महायुद्धामुळे महूला तैनात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून उतरला आणि नाबाद २४९ धावा करूनही हरला. त्या एका सामन्यात मिळून २,०७८ धावा झाल्या होत्या! बाहेरच्या खेळाडूंना दिलेला हुद्दा ही शिष्यवृत्तीच होती, फक्त तिचं नाव नोकरी होतं. अकरा हंगामांत दहा अंतिम सामने आणि चार विजेतेपदं, अशी त्या संघाची कमाई.

पुढे मुंबईचे चंद्रकांत पंडित मध्य प्रदेशाकडून खेळायला आले. १९९९ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली संघ बंगळुरूत रणजीचा अंतिम सामना हरला. २०२२ मध्ये त्याच मैदानावर, तेच प्रशिक्षक असताना, मध्य प्रदेशाने रणजी करंडक जिंकला, आणि हरवलं ते मुंबईला. परराज्यात जाणं म्हणजे घर सोडणं, एवढाच अर्थ मी लावत असे. पंडितांकडे पाहिल्यावर तो अपुरा वाटू लागला.

माधव नगरातल्या टॉवर चौकाच्या आसपास राहणाऱ्या आणि घरात एखादी खेळाडू मुलगी असलेल्या पालकांना म्हणून विनंती आहे. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी तिच्या खेळाच्या राज्य संघटनेत जा. बाहेर शिकायला गेली तर नोंदणी इथे टिकेल का, पुढे राज्य बदलावंसं वाटलं तर ना-हरकत पत्र कधी आणि कोणत्या अटींवर मिळेल, हे विचारा. महाविद्यालयाने सवलत देऊ केली असेल तर ती किती टक्के हे ऐकून थांबू नका, दरवर्षी खिशातून नेमके किती रुपये जातील ते विचारा. दोन्ही उत्तरं लेखी घ्या, आणि मग मुलीला विचारा की तिला कुठे खेळायचं आहे.