स्तनाचा कर्करोग : संशोधनात भाग घ्यावा का?

परवा दुपारी दवाखाना बंद करायच्या वेळेस माझ्या जुन्या पेशंट असलेल्या एक बाई मुलाला घेऊन आल्या. वय साठीच्या आतबाहेर. स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली होती आणि मुंबईला ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. मुलाच्या हातात रिपोर्टांच्या पिशवीबरोबर सात-आठ पानांचे एक छापील मराठी पत्रक होते. तो म्हणाला, "डॉक्टर, एका अभ्यासात भाग घ्या म्हणतात. सही मागतात. आईवर प्रयोग करायचा बेत दिसतो." बाई मात्र शांत होत्या. म्हणाल्या, "मला एवढंच सांगा, मी त्यांचा उंदीर होणार का?"

वाचकहो, हाच प्रश्न पंधरा-वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बाईंनी मला विचारला होता. तेव्हा कागद न वाचताच मी सांगून टाकले होते, "कशाला भानगडीत पडता? सही करू नका." त्यांनी केली नाही. माझा सल्ला बरोबर होता की चूक, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण त्या कागदात काय लिहिले होते ते मी पाहिलेच नव्हते. ती चूक पुन्हा करायची नाही म्हणून या वेळी आम्ही तिघांनी बसून सगळी पाने वाचली.

संशोधन म्हणजे वाटेल ते औषध टोचून पाहणे नव्हे. बहुतेक अभ्यासांत पेशंटचे दोन गट करतात. एका गटाला आजवरचा मान्य उपचार मिळतो, दुसऱ्याला नवा उपचार, किंवा जुन्याच्या जोडीला नवा. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरते. डॉक्टरला आपल्या मर्जीने निवडता येत नाही. असे का? तर मर्जीने निवडले की ठणठणीत पेशंट एका गटात जमा होतात आणि औषधाचा खरा गुण कळत नाही.

एकेकाळी स्तनात लहानशी गाठ असली तरी संपूर्ण स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असे सारे काढून टाकत. एवढे करणे खरोखर जरूर आहे का, हा प्रश्न इटलीत डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी आणि अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर यांनी धसास लावला. मिलान शहरात १९७३ पासून ७०१ स्त्रिया आणि अमेरिकेच्या अभ्यासात १९७६ पासून १,८५१ स्त्रिया सामील झाल्या. वीस वर्षे पाठपुरावा करून २००२ साली निष्कर्ष जाहीर झाले. नुसती गाठ व तिच्याभोवतीचा भाग काढून शेक दिलेल्या स्त्रिया आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया यांच्या आयुर्मानात फरक नव्हता. आज आपल्याकडे अनेकींचा स्तन वाचतो, तो त्या अनोळखी बायकांनी दिलेल्या होकारामुळे.

आपल्या देशातलेही उदाहरण आहे. दात काढताना हिरडी बधीर करायला जे इंजेक्शन देतात, तेच लिग्नोकेन ऑपरेशनपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती टोचले तर रोग पसरणे रोखता येईल का, हे टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांवर पाहण्यात आले. २०११ ते २०२२ या काळात सुमारे १,६०० स्त्रियांनी भाग घेतला. ऑपरेशन दोन्ही गटांचे झालेच. फरक फक्त इंजेक्शनचा. सहा वर्षांनी इंजेक्शन दिलेल्या शंभरांपैकी सुमारे ९० स्त्रिया हयात होत्या, न दिलेल्यांपैकी सुमारे ८६. इंजेक्शनचा अपाय कोणालाही झाला नाही. औषध इतके स्वस्त, की ते तालुक्याच्या गावीही परवडावे.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक अभ्यासातून गुण येतोच असे नाही. नव्या उपचाराचा त्रास होऊ शकतो, खेपा वाढतात, आणि फायदा झाला तरी तो आपल्याऐवजी आपल्या लेकीसुनांना होण्याचा संभव असतो. म्हणून सहीपूर्वी हे प्रश्न जरूर विचारावेत :

१. अभ्यासात न जाता मला कोणता उपचार मिळेल? आणि अभ्यासात गेल्यास त्यातले काही वगळले जाईल का?

२. नव्या उपचाराचे कोणते त्रास आतापर्यंत माहीत आहेत?

३. जादा तपासण्या, औषधे व प्रवास यांचा खर्च कोणाचा? इजा झाली तर उपचार व भरपाई कोण देणार?

४. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? या कमिटीत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारे व सामान्य नागरिकही असतात.

५. नव्या औषधाची चाचणी असेल तर तिची सरकारी नोंदणी झाली आहे का? २००९ पासून ती सक्तीची आहे.

६. मध्येच बाहेर पडता येईल का? याचे उत्तर "हो" हेच असले पाहिजे. बाहेर पडल्यावर नेहमीचा उपचार थांबता कामा नये.

संमतिपत्र आपल्या भाषेत मागून घ्या, घरी आणा, चार माणसांत वाचा. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर ते वाचून दाखवावे असा नियम आहे. "आत्ताच सही करा" अशी घाई कोणी केली, तर सही करू नका.

आमच्या बाईंनी पत्रक ऐकून घेतले आणि नेमका प्रश्न केला, "नाही म्हटलं तर डॉक्टर रागावतील का? ऑपरेशन लांबवतील का?" मी पत्रकातली ती ओळच दाखवली : नकार दिल्यास उपचारात कोणताही फरक पडणार नाही. त्या म्हणाल्या, "मग ठीक. नाही म्हणता येतं म्हणजे हो म्हणायला हरकत नाही." मुंबईला जाऊन खेपांच्या खर्चाचे विचारून त्यांनी सही केली. नकार दिला असता तरी मी त्यांना शहाण्याच म्हटले असते, कारण निर्णय त्यांनी समजून घेतला होता.

जाता जाता एक सांगतो. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली किंवा बोंडातून रक्त आले, तर दुखण्याची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. आणि मोठ्या रुग्णालयातून असा कागद घेऊन आलात, तर तो आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे ठेवा. तो पूर्ण वाचायला लावायचा तुम्हाला हक्क आहे.