पेट्रोलचा काटा खोटं बोलतो तेव्हा

दोन भाग : डॅशबोर्डवरचा गेज आणि टाकीतला सेंडर. गॅरेजच्या भाषेत ‘काटा’ आणि ‘फ्लोट’.

काम : पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट दांडी हलवतो. दांडीचं टोक बारीक तारेच्या गुंडाळीवर सरकतं, रोध बदलतो, काटा हलतो.

जोडी : काही प्रचलित पल्ले असे. रिकाम्या ते भरलेल्या टाकीसाठी 240–33, 0–90 किंवा 10–180 ओहम. गेज आणि सेंडर एकाच पल्ल्याचे हवेत.

काट्याची तपासणी : सेंडरची तार सोडली की काटा एका टोकाला, क्षणभर बॉडीला टेकवली की दुसऱ्या टोकाला. तसं झालं तर गेज आणि वायरिंग ठीक.

फ्लोटची तपासणी : बाहेर काढून मल्टिमीटर लावा, दांडी हळू फिरवा. आकडा मध्येच तुटला तर गुंडाळी झिजली. हलवल्यावर आत खळखळ आली तर फ्लोट गळका.

दोन काटे एकदम चुकले तर : पेट्रोल आणि तापमान दोन्ही चुकत असल्यास जुन्या गाड्यांत आधी व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा अर्थिंग पाहा.

फ्लोट बदलताना : बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. टाकी जवळपास रिकामी, जागा हवेशीर, ठिणगी नको. गॅस्केट नवीनच.