चीर लहान की मोठी?

आमच्या धुळ्याच्या बचत गटातल्या काकू पापड लाटता लाटता एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, आते परत पोट फाडतीन का?" सगळ्याजणी गप्प झाल्या. गुदाशयाच्या कर्करोगाचं पहिलं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती. नेहमीच्या तपासणीत आजार त्याच जागी परतल्याचं निघालं होतं.

जळगावला दिलेली त्यांची लेक धावत आली. तिचा एकच हट्ट, "यावेळी आईचं दुर्बिणीतूनच करायचं. माझ्या जाऊबाईंचं पित्ताशय काढलं, तिसऱ्या दिवशी घरी आल्या!" तिचं तरी काय चुकलं? १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी भारतात पहिल्यांदा पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. आता तर 'बिनटाक्याचं ऑपरेशन' हा शब्द घराघरांत पोचला आहे. काकूंनीही सांगून टाकलं, बारीक छिद्रं पाडून होत असेल तर करा, नाहीतर मला आहे तशी राहू द्या.

मी त्यांच्यासोबत मुंबईला गेले. डॉक्टरांनी एमआरआय आणि पेट स्कॅन पाहिले आणि शांतपणे समजावलं. दुर्बिणीत पोटात वायू भरून छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि अवजारं घालतात. रक्त कमी जातं, दुखतं कमी, माणूस लवकर उठतो. गुदाशयाच्या पहिल्या ऑपरेशनला अनेकदा ही पद्धत चालते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात १०४४ रुग्ण होते. तीन वर्षांनी आजार त्याच भागात परतण्याचं प्रमाण दोन्ही पद्धतींत ५ टक्केच निघालं. त्याच वर्षीच्या अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांना मात्र दुर्बीण तितकीच चांगली असं सिद्ध करता आलं नाही.

पण परतलेल्या आजाराची गोष्ट वेगळी. पहिलं ऑपरेशन आणि रेडिएशन यांमुळे आतले पदर एकमेकांना चिकटतात. मला आमचे उडदाचे पापड आठवले. ओले पापड एकावर एक चिकटले, की सोडवताना कुठला कुठे फाटेल सांगता येत नाही! त्यात गाठ गर्भाशयाला, मूत्राशयाला किंवा माकडहाडाला लागलेली असू शकते. मग तेवढा भागही काढावा लागतो. म्हणून अशा वेळी बहुधा पोट उघडूनच ऑपरेशन करतात. गाठ लहान आणि मोकळी असेल, सर्जनचा हात त्यात बसलेला असेल, तर काही निवडक रुग्णांत दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या मदतीने करतात. दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडावं लागलं, तर ते अपयश नव्हे, शहाणपण.

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य लेकीला पटलं, "चीर किती मोठी हे विचारू नका. गाठ कडेच्या निरोगी भागासकट पूर्ण निघेल का, ते विचारा."

काकूंची खरी भीती मात्र चिरेची नव्हतीच. रात्री धर्मशाळेत त्या हळूच म्हणाल्या, "पोटावर कायमची पिशवी आली तर देवाला कसं शिवू?" मी तरी काय सांगणार! दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या एका बाईंनी पदर बाजूला करून आपली पिशवी दाखवली. "हिच्यासकट मी दोन्ही एकादश्या करते," म्हणाल्या. काकूंनी तिथेच होकार दिला.

मोठं ऑपरेशन झालं. सावरायला महिने लागले. रिपोर्टमध्ये कडा स्वच्छ आल्या. आजार पुन्हा येणारच नाही, अशी हमी कुणी दिली नाही. तपासण्या चालूच आहेत.

मैत्रिणींनो, ऑपरेशनआधी तीन प्रश्न जरूर विचारा. गाठ पूर्ण निघेल का? दुर्बीण माझ्यासाठी का, किंवा का नाही? अशी ऑपरेशनं तुम्ही किती केलीत? शक्य असेल तर दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचंही मत घ्या. खर्चासाठी महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा. २०१२ साली ही योजना वेगळ्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपलं धुळंही होतं.

परवा गटात एक सून कुजबुजली, शौचाला रक्त जातंय, मूळव्याध असेल. पापडाची लाटी खाली ठेवून काकूच म्हणाल्या, "मीही वर्षभर हेच म्हणत होते. उठ, आज डॉक्टरकडे जायचं. मी येते सोबत."